टॅक्स कापून मागणारी

"अक्का, ह्या वर्षी माझा टॅक्स कापा."

मी मान वर केली. एप्रिलचा शेवटचा आठवडा, सोलापूरचं ऊन, वर तापलेला पत्रा आणि पंखा नुसता गरम वारा फिरवतोय. टेबलावर कागदांचा ढीग. शेजारच्या खुर्चीत वळसंगकर वकील बसलेले. माझ्या कारखान्याचे टॅक्सचे कागद तेच बघायचे. ते सुपारी चघळत होते, त्यांचं तोंड जागच्या जागी थांबलं.

"काय कापू?" मी विचारलं.

"टॅक्स. आणि तो सोळा-ए म्हणतात तो फॉर्म माझ्या नावानं द्या. हे माझं पॅनकार्ड."

भूलक्ष्मीनं प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. नवं कोरं. तिची सहा वर्षांची पोर, श्रावणी, आईचा पदर धरून माझ्याकडं टकामका बघत होती.

वळसंगकर हसायला लागले. "बावीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात. कापू नका म्हणून पाया पडणारे रोज बघतो. कापा म्हणणारी आज पहिल्यांदा बघितली."

मी हसले नाही. मला संशय आला.

संशय घेण्यात मी आधीच पटाईत. आमचे हे म्हणजे भोळा सांब. शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना त्यांनी उभा केला आणि कापडवाल्यापासून टेंपोवाल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांना धुऊन खाल्लं. हे अचानक गेले तेव्हा चौदातल्या आठ मशिनी सावकाराच्या घरात होत्या. त्या एकेक करून मी सोडवून आणल्या, त्याही कुणावर विश्वास न ठेवता. भूलक्ष्मीच्या ह्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि माझ्या नाकावर माझा फार भरवसा होता. कुठं काही जळतंय हे मला आधी कळतं, असं मी चारचौघांत सांगायची.

भूलक्ष्मी बोद्दूल माझ्याकडं पाच वर्षं काज-बटणाचं काम करत होती. शिवलेल्या शर्टांचे गठ्ठे टेंपोनं तिच्या घरी जायचे, ती तिच्या मशिनीवर काजं घालायची, हाताखालच्या दोन बायका बटणं लावायच्या, आणि गठ्ठे परत यायचे. काम बघाल तर बोट ठेवायला जागा नाही. आणि असं बाहेर दिलेलं काम वर्षाला ठरावीक रकमेच्या पुढं गेलं, की मालकानं शेकडा एक रुपया कापून सरकारात भरायचा आणि ज्याचा कापला त्याला तसा फॉर्म द्यायचा, असा कायदा. तोच सोळा-ए.

पण हा एक रुपया कुणाला नको असायचा. म्हणून वळसंगकरांनी सोपी युक्ती काढून दिली होती. एका घराचं बिल तीन नावांत फोडायचं. प्रत्येक नाव मर्यादेच्या खाली. कापायला नको, भरायला नको, फॉर्मची कटकट नको. बोद्दूलांच्या घराची तीन नावं म्हणजे भूलक्ष्मीचा नवरा श्रीनिवास, सासू नागम्मा आणि भिवंडीत राहणारा दीर. सुनेचं नाव घालावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिच्याकडं तेव्हा पॅनकार्डही नव्हतं. पावत्या तीच घरी न्यायची आणि नवऱ्याच्या दोन सह्या नि सासूचा अंगठा घेऊन यायची. दिराची सही श्रीनिवासच ठोकायचा.

"अगं, तुझा टॅक्स कशाला कापू?" मी तिला म्हटलं. "तुझं नावच नाही आमच्याकडं. तुमच्या घरचे पैसे वाचतायत, ते काय दुखतंय का तुला?"

"वाचू देऊ नका," ती म्हणाली. "गेल्या वर्षाचंसुद्धा माझ्या नावावर करता येईल का, साहेब?"

वळसंगकरांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

"कशाला पाहिजे फॉर्म?" मी सरळच विचारलं.

ती पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "लागतोय, अक्का."

"बघू," मी म्हटलं, आणि ती गेल्यावर वळसंगकर खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "बाई, सांभाळा. हिला कुणीतरी शिकवून पाठवलंय."

तेवढं पुरलं मला.

त्या दिवसापासून मी तिच्यावर डोळा ठेवला, आणि डोळा ठेवला की दिसायला लागतंच. टेंपोवाला म्हणाला, "अक्का, भूलक्ष्मीचे गठ्ठे आता जुन्या घरी उतरवत नाही मी. दिवाळीपासून दुसरीकडं न्यायला सांगितलंय तिनं. मागच्या गल्लीत, एका खोलीत." दिवाळीपासून! आणि मला पत्ता नाही. माझं काम घेऊन ही दुसऱ्या कुणाचा तरी कारखाना चालवतेय, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

मग चार दिवसांनी आमचे कटिंगचे इक्बाल मास्तर चहा पिता पिता म्हणाले, "ती काज-बटणवाली कोर्टाच्या दारात दिसली मला. काळ्या कोटातल्या एका बाईशी बोलत होती. हातात कागद."

"कसले कागद?"

"मी काय वाचायला गेलो का, अक्का?"

झालं. माझी झोप उडाली. पाच वर्षं बिलं फोडलेली, एका माणसाच्या कामाच्या तीन माणसांच्या पावत्या, खोट्या सह्या. हे कुणी साहेबापुढं मांडलं तर चौदाच्या चौदा मशिनींना टाळं लागेल, हे न कळायला मी काही दूधखुळी नव्हते. आणि पुढचा महिना गणवेशांचा. वर्षाची भाकरी आमची त्या एका महिन्यावर.

शेवटचा खिळा तिनंच ठोकला. गठ्ठे द्यायला आली होती. मी इस्त्रीवाल्याला ओरडायला मागं गेले आणि परत आले तर ही माझ्या टेबलावरची पावत्यांची फाइल उघडून मोबाइलनं फोटो काढतेय.

"काय चाललंय?"

तिच्या हातातला मोबाइल पडता पडता राहिला. "काही नाही, अक्का. बघत होते."

"बघायला फोटो लागतो?"

ती काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलंसुद्धा तिनं. पण मागं तीन बायका शिवत बसलेल्या, त्यांच्या मशिनी थांबलेल्या, सगळ्यांचे कान इकडं. तिनं तोंड मिटलं.

"नवीन गठ्ठे नेऊ नको," मी म्हटलं. "सांगेन तेव्हा ये."

"अक्का, काम बंद करू नका. ह्या महिन्यात तर नकाच."

"फॉर्म कशाला पाहिजे ते सांग, आत्ता देते काम."

तिनं पोरीचा हात धरला आणि ती निघून गेली. मला वाटलं, बघ, चोर पकडला की कसा गप्प बसतो.

त्याच संध्याकाळी मी टेंपोवाल्याबरोबर श्रीनिवासला निरोप धाडला. तुझी बायको माझ्याकडं येऊन टॅक्सचे फॉर्म मागतेय, पावत्यांचे फोटो काढतेय, काय भानगड आहे ते येऊन सांग.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात केशर आंब्यांची पिशवी. आत येताना चपला बाहेर काढल्या. "अक्का, मालक होते तेव्हा मी लहान गठ्ठे सायकलवर आणायचो, आठवतंय का?" मला आठवत नव्हतं, पण बरं वाटलं.

"तुझ्या बायकोचं काय चाललंय रे?"

त्यानं मान खाली घातली. "डोकं फिरलंय तिचं, अक्का. कुणीतरी भरवून दिलंय. तुम्ही काळजी करू नका, मी सांगतो समजावून. तुमच्या कारखान्याला धक्का लागू देणार नाही."

एवढं ऐकलं आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याच्यासाठी मी चहा मागवला. चहा झाल्यावर तो म्हणाला, "एक छोटं काम होतं. नवीन मशीन घ्यायचंय, कर्जाला कागद लागतो. तुमच्या लेटरहेडवर एवढंच लिहून द्या, की काज-बटणाचं काम पाच वर्षं मी आणि माझी आई करतो."

"एवढंच ना? पावत्यांवर तेच आहे," मी म्हटलं, आणि वळसंगकरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणं चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. जाताना तो पाया पडला. आंबे फार गोड निघाले.

मे गेला, जून गेला. काज-बटणाचं काम मी दुसऱ्या दोघींना वाटून दिलं. शाळा सुरू झाल्या आणि पंधरा दिवसांत एका शाळेनं दोन पेट्या परत पाठवल्या. बटणं गळतायत, काजं उसवतायत. हेडबाई फोनवर म्हणाल्या, "म्हमाणेबाई, यंदा काय झालं तुम्हाला?" मी त्याचंही पाप भूलक्ष्मीच्या डोक्यावर घातलं.

जुलैच्या मध्यावर एका दुपारी ती आली. गठ्ठा नाही, पिशवी नाही. वाळली होती. आणि काहीतरी कमी वाटत होतं तिच्यात, ते मला मिनिटभरानं कळलं.

"पोर कुठाय?"

तिनं एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडून ठेवला. झेरॉक्स होता. माझं लेटरहेड, माझा शिक्का, माझी सही.

"तिच्या बापाकडं," ती म्हणाली. "ह्या कागदानं गेली."

मला काही समजेना.

"दिवाळीला मी घर सोडलं, अक्का. मारायचा. शेवटी पोरीवर हात उचलला तेव्हा मशीन हातगाडीवर घातलं, पोरीला घेतलं आणि मागच्या गल्लीत खोली केली. त्यानं कोर्टात दावा लावला, पोर मला द्या म्हणून. ही काही कमवत नाही, पोरीला काय खायला घालणार, असं लिहिलं. माझी वकील म्हणाली, तू कमवतेस ना, मग कागद आण. तलाठ्याचा दाखला नेला तर त्यांचा वकील हसला, असले दाखले काय वाट्टेल तसे मिळतात म्हणाला. टॅक्स कापलेला फॉर्म आण, त्याला कुणी खोटं म्हणत नाही, असं माझ्या वकिलीणबाईंनी सांगितलं. म्हणून तुमच्याकडं आले होते. पावत्यांचे फोटोही त्यांनाच दाखवायला काढत होते."

मशिनी चालू होत्या. तिला जवळ येऊन बोलावं लागत होतं.

"पुढच्या तारखेला त्यांनी हा कागद ठेवला. पाच वर्षं काम त्यानं आणि त्याच्या आईनं केलं. माझं तर कामही बंद झालेलं. खोलीचं भाडं थकलेलं. निकाल लागेपर्यंत पोर बापाकडं, असं झालं. रविवारी एक तास भेटायला देतात."

"अगं, मग मला सांगायचं नाही का?" मी ओरडलेच. "एका शब्दानं तरी!"

"शिलाईवरच्या सुरेखाला काढलंत ना तुम्ही," ती म्हणाली. "तिचा नवरा इथं दारात येऊन भांडला म्हणून. घरातल्या भानगडी चपलांबरोबर बाहेर काढून आत यायचं, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता. माझं कामही गेलं असतं तर कोर्टात काय सांगायचं होतं मी? आणि तुमच्या पावत्यांवर त्याच्या सह्या. घर सोडल्यावरही त्या तो आनंदानं करायचा, कागदावर नाव त्याचंच राहायचं. तुम्ही त्याला विचारायला जाल ही भीती होती."

मी झेरॉक्स तिच्याकडं सरकवला.

"निरोप तुम्हीच धाडला ना, अक्का?"

"हो."

तिनं झेरॉक्सची पुन्हा घडी घातली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"आता तरी फॉर्म द्याल का?" तिनं विचारलं.

खरं सांगायचं तर मी लगेच हो म्हटलं नाही. म्हटलं, वकिलांना विचारून सांगते. ती गेल्यावर वळसंगकरांना फोन केला. ते धावतपळत आले आणि सगळं ऐकून कपाळाला हात लावला.

"अहो, गेल्या वर्षाचं पत्रक सुधारून भरायचं म्हणजे आधीचं खोटं होतं हे कबूल करायचं. व्याज आलं, दंड आला. नोटीस आली तर मागचं सगळं उकरतील. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेताय."

"पोर गेली तिची, वकीलसाहेब."

"वाईट झालं. पण ती तुमची पोर आहे का?"

आठ दिवस मी घोळ घातला. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. एकटीनं उभं केलेलं सगळं डोळ्यांपुढं यायचं. नवव्या दिवशी दुपारी मी पावत्यांची फाइल काढून बसले, कुठून कुठून काय दुरुस्त करावं लागेल ते बघायला. एकेक पावती उलटत गेले. नागम्माचा अंगठा, नागम्माचा अंगठा, नागम्माचा अंगठा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेली म्हातारी, जिनं जन्मात एक काज घातलं नाही, तिचे साठ अंगठे माझ्या फाइलीत. आणि जिनं लाखभर काजं घातली तिचं कुठं बोटसुद्धा नाही. मला माझीच किळस आली. मी मशिनी सोडवायला सावकाराच्या दारात गेले होते, तेव्हा त्यानंसुद्धा मला कागद दाखवूनच हाकललं होतं. कागदावर तुमचं नाव नाही, बाई, म्हणाला होता.

मी वळसंगकरांना बोलावलं आणि पत्रक सुधारून भरा म्हटलं.

"मी नाही त्यात," ते म्हणाले, आणि बॅग बंद केली. मी दुसरा माणूस शोधला. भूलक्ष्मीच्या नावानं गेल्या वर्षाचा टॅक्स व्याजासकट भरला. सोळा-ए हातात यायला दोन महिने गेले.

नुसत्या फॉर्मनं भागलं नाही. मला कोर्टात उभं राहावं लागलं. श्रीनिवासच्या वकिलानं माझं पत्र एका हातात आणि नवा फॉर्म दुसऱ्या हातात धरला.

"बाई, दोन्हींवर सही तुमचीच?"

"माझीच."

"मग ह्यातला खोटा कागद कोणता?"

"पत्र."

"कशावरून? आज खोटं बोलत नाही कशावरून?"

"फॉर्म देण्याआधी मी तीन महिने ह्या बाईवर संशय घेतला, साहेब. तो सगळा तपासून झाला. पत्र देताना मी ह्या माणसाला काहीच विचारलं नाही. त्यानं आंबे आणले होते."

मागं कुणीतरी हसलं. वकील म्हणाला, माझे अशील काज-बटणाचं कामच करतात, घरात मशीन आहे, वगैरे वगैरे. तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं.

"मग विचारा की त्यांना," मी म्हटलं, "काजाच्या मशिनीत सुई बदलली की दोरा कुठल्या बाजूनं ओवायचा? माझ्याकडं नवीन आलेली पोरगीसुद्धा पहिल्या दिवशी शिकते."

वकिलानं हरकत घेतली. पण न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून श्रीनिवासकडं बघितलं, आणि श्रीनिवासनं वकिलाकडं.

पोर परत आली. पाच महिन्यांनी. मला दंड झाला, तो मी दोन वर्षं फेडत होते. मशिनींना टाळं लागलं नाही.

पोर आल्यावर आठवड्यानं भूलक्ष्मी तिला घेऊन कारखान्यात आली. मी श्रावणीला जवळ बोलावलं, ती आईच्या मागं लपली. मी भूलक्ष्मीला गठ्ठे दिले, भाव दीडपट केला. ती "बरं" म्हणाली. मी तिची माफी मागितली, सगळ्या बायकांसमोर. तेव्हाही ती "बरं" म्हणाली.

आता तिच्या स्वतःच्या चार मशिनी आहेत आणि हाताखाली नऊ बायका. दर तीन महिन्यांनी तिचा सोळा-ए तयार झाला की ती घ्यायला येते. उभ्यानं घेऊन जात नाही. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसते, पॅनकार्ड काढून फॉर्मशेजारी ठेवते आणि बोट लावून एकेक अक्षर, एकेक आकडा ताडून बघते. आधी नाव, मग पॅन, मग रक्कम, मग माझी सही. पाच-सात मिनिटं जातात. मी त्या वेळात दुसरं काही करत नाही.

गेल्या मे महिन्यात श्रावणी बरोबर होती. पंधरा वर्षांची झालीय, आईपेक्षा उंच. ती कंटाळली आणि म्हणाली, "अम्मा, चल ना. अक्का आपल्यासाठी कोर्टात उभ्या राहिल्या होत्या, आणि तू त्यांचाच कागद किती तपासतेस?"

भूलक्ष्मीनं कागदावरचं बोट उचललं नाही.

"सही त्यांची आहे ना," ती म्हणाली. "म्हणूनच."

श्रावणी ओशाळून माझ्याकडं बघायला लागली. मी तिला खुणेनं बस म्हटलं, आणि भूलक्ष्मीची शेवटची ओळ होईपर्यंत दोघी थांबलो.